जाकिटाला ऊन दाखवलं

अहो,

आज तुमच्या तपकिरी जाकिटाला ऊन दाखवलं आणि ते वाया घालवलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हणून लिहायला बसले. तुम्हाला आता कोण सांगणार, हे मलाही कळतं. पण चाळीस वर्षं घरात कप फुटला तरी आधी तुम्हाला सांगायची सवय. ती एवढ्यात कशी जाईल?

वैशाख लागला. पापड-कुरडया यंदा केल्याच नाहीत, कुणासाठी करायच्या? पण गाद्या, गोधड्या, शाली मात्र गच्चीवर नेऊन टाकल्या. हात आपोआप चालतात. मग तुमचं जाकिटांचं कपाट उघडलं. तुमची ती सहा जाकिटं, सगळी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, विमान चालवणाऱ्यांची. दिवाळीनंतर तुम्ही गेलात, तेव्हापासून त्या कपाटाला मी हात लावला नव्हता. आतून कोंदट वास आला. वाटलं, बुरशी धरेल. सगळी वर न्यायचं त्राण नव्हतं, म्हणून तुमचं लाडकं तेवढं नेलं. गोधडीशेजारी पसरलं आणि खाली येऊन पडले. हल्ली दुपारी पडले की उठवत नाही. काही न करताच दमायला होतं.

चार वाजता गेले तर ते पापडासारखं कडक झालेलं. उचलायला गेले आणि खांद्यापासून कमरेपर्यंत पाठीवर चीर गेली. चक्क आवाज झाला. मी तिथंच गोधडीवर बसून राहिले.

तुम्ही असताना कधी हात लावू दिलात का त्यांना? "तू त्याच्या वाटेला जाऊ नको की," म्हणायचात. तुमचं ते सुती फडकं, ती मेणाची डबी, रविवारची सकाळ त्यातच जायची. गॅसचं पुस्तक कुठं आहे, विजेचं बिल कसं भरायचं, सगळं वहीत लिहून ठेवलंत. जाकिटाला ऊन चालत नाही, एवढी एक ओळ लिहायला काय झालं होतं? रागच आला मला तुमचा.

खरं सांगू? मला ती कधी आवडली नाहीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात कातड्याची जाकिटं! शाळेतले क्लार्क तुम्ही, जन्मात विमानात पाय ठेवला नाहीत. वर्षातले पंधरा दिवस थंडी, गड्ड्याच्या यात्रेची, तेवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. लोकरीचं अस्तर असलेलं ते धूड घालून तुम्ही जिना उतरायला लागलात की खालच्या मजल्यावरची मंडळी म्हणायची, "पायलट निघाले." तुम्ही खूश व्हायचात. मान खाली घालायची पाळी माझी.

या तपकिरी जाकिटाच्या कॉलरखाली कुणा गोऱ्याचं नाव शिवलेलं होतं, निम्मी अक्षरं गेलेली. तुम्ही त्याला 'आपलं पाव्हणं' म्हणायचात. मुद्दाम गावाकडच्या बोलीत मला चिडवायचात, "पाव्हण्याचं जाकीट हाय, घोड्याचं कातडं. लई टिकतंय."

टिकलं की. माझ्या हातात येईपर्यंत टिकलं.

मागच्या वर्षी जानेवारीत गड्ड्यावरून परत येताना रिक्षात मी कुडकुडत होते, आठवतं? तुम्ही अंगातलं हेच जाकीट काढून माझ्यापुढं धरलंत. "घाल की. एकदा घालून तर बघ." मी म्हणाले, "मेलेल्या माणसाचं मी अंगात घालणार नाही." तुम्ही ते परत अंगात घातलं नाहीत. जाकीट मांडीवर घेऊन बसलात आणि जुळे सोलापुरातलं घर येईपर्यंत आपण दोघंही कुडकुडत आलो. तो तुमचा शेवटचा गड्डा असेल हे मला कुठं ठाऊक होतं? घातलं असतं तर काय बिघडलं असतं?

तर आज ते पिशवीत घालून विजापूर वेशीत इस्माईलभाईंकडं गेले. तुमची सगळी जाकिटं दुरुस्त करायचे तेच, आता चष्मा जाड झालाय त्यांचा. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं.

"भाभी, धूप में कायकू डाले? चमडा है ये, सोलापूरची चादर नै."

मी रडायला लागले. भर दुकानात, लाज वाटली. त्यांनी पाणी दिलं आणि मग हळूच म्हणाले, "रडू नका. साहेबांनी पण असंच केलतं की. पैलं जाकीट आणलं, गच्चीवर टाकलं. गोधडीला ऊन दाखवतो तसं. तुकडे घेऊन आले माझ्याकडं. म्हनले, इस्माईल, घरात सांगू नको."

म्हणजे पहिलं जाकीट मोहोळच्या मित्राला दिलं असं मला सांगितलंत, ते खोटं होतं? अहो, त्या बिचाऱ्याला मी इतकी वर्षं चहाचा दुसरा कप विचारला नाही. दिल्लीहून कौतुकानं आणलेली वस्तू यानं मागून नेली, म्हणून. तुम्ही समोर बसून बघत होतात आणि गप्प होतात. इतकी भीती वाटायची का माझी? रडता रडता हसू आलं मला. आपण दोघं एकाच गावचे, आणखी काय.

इस्माईलभाई म्हणाले, तेल मुरवतो, आतून पट्टी लावून शिवतो, पण टाका दिसेल. मी म्हटलं, दिसू दे. निघताना जाकिटाच्या कॉलरला एकदा नाक लावलं.

काही नव्हतं. तुमच्या आवळ्याच्या तेलाचा वास, मानेचा घाम, काहीच नाही. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. सकाळी कपाट उघडल्यावर मला जो कोंदट वाटला, तो तुमचाच वास होता. ऊन दाखवतात ते त्याचसाठी, वास जावा म्हणून. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी माझ्या हातांनी मी तो घालवला. चीर इस्माईलभाई शिवतील. याचं ते तरी काय करणार?

घरी येऊन कपाट पुन्हा लावून घेतलंय. बाकीच्या पाचांना ऊन दाखवणार नाही. तेराव्यानंतर तुमचे शर्ट देऊन टाकले, मेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत म्हणतात म्हणून. जाकिटं तेवढी राहिली, या गावात ती घेणार कोण? बरं झालं कुणी घेतली नाहीत.

आणि एक कबूल करते. येत्या गड्ड्याला ते तपकिरी जाकीट मी घालणार आहे, साडीवर. खालच्यांना काय म्हणायचं ते म्हणू देत. मेलेल्या माणसाचं घालणार नाही म्हणाले होते. आता ते तुमचं आहे, म्हणून घालीन. तुमचा वास गेला, आता माझा लागेल त्याला. चालेल ना? वहीत तसं काही लिहून ठेवलं नाहीत, म्हणून विचारते.

तुमची,
अगं