निळा सोडून कोणताही

६ जानेवारी, मंगळवार

दोन तुकडे. एक वर, एक खाली, पाठीवर फुलीसारख्या पट्ट्या. एवढ्याशा कापडाला ही मंडळी 'सूट' म्हणतात! आमच्या मॅचिंग सेंटरमध्ये याहून मोठी चिंधी काउंटर पुसायला असते.

ताईला राज्य पातळीच्या फिगर स्पर्धेत उतरायचं आहे, स्टेजवर उभं राहून स्नायू दाखवायचे. एक फेब्रुवारीला, इथेच नागपुरात. सूट निवडायला मी सोबत जावं असं आईचं म्हणणं — "तू कपड्याच्या दुकानात रायतं, तुले समजते. कापड किती हाय ते नीट पाहून घेजो." म्हणजे मी कापडाचा पहारेकरी.

जिमचे रोहित सर म्हणाले, "सूट में ग्लॅमर दिखना चाहिए." ग्लॅमर! हा माणूस बारा महिने बाह्या कापलेला एकच टी-शर्ट घालतो. त्याच्या मागे भिंतीवर स्पर्धेचं पोस्टर — 'शरिरसौष्ठव'. शरीर! री दीर्घ! एवढ्या मोठ्या अक्षरात छापून आणलं आणि कोणाच्याच डोळ्याला टोचलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार

बाबांनी होकार कसा दिला ते लिहून ठेवतो. नंतर कोणी फिरवायला नको.

बाबा मौद्याच्या वीज प्लांटवर ठेकेदाराकडे आहेत. ड्यूटीवरून आले, पाय धुतले, खुर्चीत बसले. ताई समोर उभी, मी दाराशी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक खेप. एकच खेप कर. मग मी सावनेरवाल्याईले हो म्हणतो."

सावनेरचं स्थळ दिवाळीपासून ताटकळलं आहे. मुलगा खाणीच्या ऑफिसात. त्याच्या आईची अट — मुलगी 'घरातली' पाहिजे. मग आमची काय रस्त्यात राहते? लग्नानंतर जिम बंद, हेही त्यांनी सांगून ठेवलं आहे.

ताई म्हणाली, "चालते." एवढंच. तीन वर्षं पहाटे उठून लोखंड उचललं आणि मिळाली एक खेप! ती रडेल असं वाटलं होतं. ती पनीर मोजायला स्वयंपाकघरात गेली.

बाबा उठता उठता म्हणाले, "आणि निळा नको. निळा सोडून कोणताही घ्या. तो रंग आपल्या झेंड्याचा हाय. एवढुशा कापडात, स्टेजवर... नाही पाहावणार मले."

ताईला निळाच हवा होता. फोनमध्ये कधीचा ठेवलेला, आम्ही दुकानात ज्याला चिंतामणी म्हणतो तो.

आमचं दार निळं. पाण्याचा ड्रम निळा. बाबांच्या डब्याची पिशवी निळी. ड्रमाला चालतो! पण हे मोठ्यानं बोललो नाही. माझी हिंमत या वहीपुरती.

११ जानेवारी, रविवार

सूटवाल्या चारुलता मॅडमकडे गेलो. फ्लॅटच्या हॉलमध्येच दुकान. सोफ्यावर सूट मांडलेले, मध्ये त्यांचं मांजर झोपलेलं. रंगांची नावं ऐकावीत — 'मिडनाइट चेरी', 'रॉयल वाइन', 'मोका किस'! मी म्हटलं, "मॅडम, ही वाइन नाही, आमसुली आहे. आणि चेरी म्हणजे डाळिंबी." त्या ताईला म्हणाल्या, "भाई को घर पे नहीं छोड़ सकती थी?"

मी टेप काढली. मागच्या बाजूला कापड किती, ते मोजलं — आईला सांगायचं होतं. मॅडम इतक्या हसल्या की मांजर उठून गेलं. "बेटा, पीछे आधा ढका होना चाहिए, वो रूल है. तेरी मम्मी का रूल अलग से सिलवा लेना."

निळे सूट ताईनं उचललेसुद्धा नाहीत. नुसती बोटं टेकवून पुढे सरकली. मी पाहिलं. मॅडमनीही पाहिलं.

मग मी निवड माझ्या पद्धतीनं हातात घेतली. रंग दुकानातल्या दिव्याखाली कधीच बघायचा नाही. गिऱ्हाईक ब्लाउजपीस उचलून उंबऱ्याबाहेर उन्हात नेतं, साडीच्या पदराला लावतं, तेव्हा खरा रंग कळतो. इतवारी बाजारात चार वर्षं मी हेच करतो आहे. बाल्कनीत भर दुपारचं ऊन होतं. ताईचा दंड उघडा करायला लावला आणि एकेक तुकडा लावून पाहिला. लिंबू — पोरकट. राणी — बँडवाल्यांचा. डाळिंबी — बरा, पण लग्नाच्या शालूसारखा. आमसुली लावला आणि तिच्या सावळ्या कातडीवर असा उठला की मी बाकीचे तुकडे खालीच ठेवले!

ताई कुरकुरली, "आतमध्ये तर काळाच दिसून राहिला होता गा."

"म्हणून तर बाहेर आणला!"

तेवढ्यात रोहित सरांचा फोन. "स्टेज लाइट के हिसाब से लेना." वा! सूर्याहून मोठा दिवा आहे वाटतं यांच्या जिममध्ये. ताईनं विचारलं, सर काय म्हणाले? मी म्हटलं, "काही नाही. ग्लॅमर."

आमसुली पक्का केला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. शेजारच्या काकूंनी ताईच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. ताई गोड हसली आणि लाडू माझ्या खिशात. दिवसभर खिसा चिकट. या स्पर्धेत वजन माझंच वाढणार.

१८ जानेवारी, रविवार

सूट मापात करून आला. आईनं डबा उघडला, दोन बोटांनी वरचा तुकडा उचलला, उलटसुलट केला.

"हे बाहीचं हाय का?"

"नाही आई. तेच आहे."

"अन् बाकीचं?"

ताई हसत सुटली. आईनं डब्याचं झाकण लावलं आणि भांडी घासायला गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा.

२१ जानेवारी, बुधवार

ताई गच्चीवर उंच टाचांच्या सँडलमध्ये चालायचा सराव करते. अंगात आईचा गाऊन. वाळत घातलेल्या चादरींमधून येते, वळते, कंबरेवर हात ठेवते, हसते. पलीकडच्या गच्चीवरून काकूंनी विचारलं, "पायाले काही लागलं का वं, मेघा?"

लोकांना समजत काही नाही, पण दिसतं सगळं!

२५ जानेवारी, रविवार

हे मुद्दाम नीट अक्षरात लिहितो.

आज जिममध्ये टॅनची चाचणी होती. स्पर्धेच्या आधी अंगावर तपकिरी रंगाचे थर देतात, नाही तर मोठ्या दिव्यांपुढे स्नायू दिसतच नाहीत. गोऱ्या मुली पैसे देऊन काळ्या होतात! आमच्या ताईला लहानपणापासून प्रत्येक आत्यानं, प्रत्येक मावशीनं गोरं व्हायचं क्रीम आणून दिलं. त्या सगळ्यांना आज रांगेत उभं करायला हवं होतं. एक मुलगी तर चिडून म्हणाली, "मेघा दी को तो एक कोट कम लगेगा, कितना लकी है!" बावीस पिढ्यांत हे पहिल्यांदा कोणी म्हटलं असेल.

हे लिहिताना मला हसू यायला हवं होतं.

सरांनी ताईच्या हातापायांना, पोटापाठीला थर दिला. ती सूट घालून आली. हॅलोजन लावला. मी दाराशी उभा होतो.

सूट नव्हता.

म्हणजे होता. पण ताईचं अंग झालं आमसुलाच्या रंगाचं, आणि सूटही आमसुली. कुठे अंग संपतं, कुठे कापड सुरू होतं — काही कळेना. कंबर गेली, पाठीवरच्या पट्ट्या गेल्या. तीन वर्षांची मेहनत चिखलात उभी केल्यासारखी.

रोहित सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मैंने फोन पे बोला था ना, स्टेज लाइट?" ताईनं माझ्याकडे पाहिलं. "तू तर म्हटलं होतं, ग्लॅमर म्हणाले."

कातडीच बदलणार होती, आणि मी कातडीला मॅचिंग करत बसलो! उन्हात! स्पर्धा काय उन्हात होते?

दुकानात शेठ म्हणतात, अंकुशची नजर म्हणजे नजर. चाटायची आहे ती नजर.

२६ जानेवारी, सोमवार

चारुलता मॅडमकडे परत. "पहना हुआ कपड़ा वापस नहीं होता." मग ताईचा चेहरा पाहून आत गेल्या आणि एक सूट घेऊन आल्या. कोणी तरी न नेलेला, ताईच्या मापाचा तेवढाच एक. बदली देते म्हणाल्या.

चिंतामणी.

मॅडमनी हॉलमधला मोठा दिवा लावला. ताईच्या दंडावर कालचा टॅन अजून होता. मी कापड लावलं. असा पेटला तो निळा, की मला बाल्कनीत जावंसंही वाटलं नाही.

ताई म्हणाली, "नाही मॅडम. राहू द्या."

जिन्यात मी तिला म्हटलं, "बाबा कुठं पाहायला येऊन राहिले? त्यांची ड्यूटी आहे त्या दिवशी. सांगायचंच नाही."

"मी तर राहीन ना तिथं."

"काय?"

"बाबा नाही येत, पण मी तर राहीन ना तिथं. काहून चोरी करू? एकच खेप भेटली मले."

मूर्खपणा! सत्यवचनाचं ढाल-पदक काही देत नाहीत तिथे. रागानं मी तिची सँडलची पिशवी उचलली नाही. पुढे चौकात उचलली.

२८ जानेवारी, बुधवार

दुकानातून पांढरे खडे आणले, लेसवर लावतात ते. दुपारी तोच आमसुली सूट पाटावर पसरला आणि कुठे लावावेत म्हणून बसून राहिलो. मला वाटलं, मधोमध फूल करावं.

आई मागून म्हणाली, "फूल कायले? काठ लाव."

मी वळून पाहिलं. हात पुसत उभी होती.

"काठ नसलेलं लुगडं दुरून दिसते का? काठ लाव चहूकडून. पट्ट्याईलेही." मग बसलीच. माझ्या हातातला चिमटा घेतला. "सरक. तुह्या बोटाईले अक्कल नाही."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं खडे चिकटवत होतो. आई एकदाही 'बाकीचं कुठं हाय' म्हणाली नाही. उलट ताईला हाक मारून म्हणाली, "मागचं आणखी थोडं आत घेऊ का वं? ढिलं वाटते."

पहारेकऱ्यानं लिहून घेतलं.

१ फेब्रुवारी, रविवार

आठ मुलींत पाचवी.

आयोजकांचा सत्कार एक तास चालला. हार, शाल, पुन्हा हार. मुली मागे उपाशीतापाशी, रंग लावून, भिंतीला न टेकता उभ्या. मंचावर कोणी एक जण नारीशक्तीवर बोलत राहिला, नारी थंडीनं कुडकुडत राहिली.

मग ताई आली. खड्यांचा काठ दिसला. मागच्या रांगेतून काठ तेवढा दिसला. ती वळली, पाठ ताणली — आणि मी विसरलो की मी व्हिडिओ काढतो आहे. माझीच ओरड त्यात आहे, फार बेसूर.

नंतर एका पंच बाईंनी तिला सांगितलं, "बॅक तुम्हारी बेस्ट थी. सूट ने खा लिया. नेक्स्ट टाइम ब्राइट पहनना." नेक्स्ट टाइम! ताई म्हणाली, "थँक यू, मॅम."

रिक्षात ती सँडल मांडीवर घेऊन बसली. सीटवर तपकिरी डाग पडला. रिक्षावाला पुष्कळ बोलला.

घरी बाबा ड्यूटीवरून आलेले. "व्हिडिओ पाठव," एवढंच म्हणाले. पाठवला. फोन घेऊन बाहेर गेले.

२ फेब्रुवारी, सोमवार

ताईनं स्पर्धेसाठी सोडलेला भात आज खाल्ला. वरण, तूप, पुन्हा भात. सँडल कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवले. मी म्हटलं, राहू दे ना खालीच. म्हणाली, "कायले?"

सावनेरहून दोनदा फोन आला. बाबांनी उचलला नाही. प्लांटवर आवाज असतो म्हणे. आज त्यांची सुट्टी होती.

४ फेब्रुवारी, बुधवार

रात्री जेवताना बाबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "पुढच्या खेपेले निळा घेजा."

ताईनं तिच्या ताटातला सगळा भात उचलून माझ्या ताटात टाकला.