उलटी खुर्ची

प्रिय मुद्देसूद,

हे नाव वाचून दचकलास ना? तुझ्या त्या काचेच्या ऑफिसात आता तुला असं म्हणायची कुणाची टाप नसणार. मी पाल्हाळ लावलं की तू पेन टेबलावर आपटून मुद्द्यावर ये म्हणायचास, म्हणून मीच ठेवलेलं नाव हे. आजही पाल्हाळ लावणार आहे. पेन बाजूला ठेव आणि वाच.

कोर्टामागची आपली खोली आठवते? झेरॉक्सच्या दुकानावरची, दोन वकिलांत एक पंखा. आणि ती डुगडुगणारी उलटी खुर्ची! कुठलाही दावा दाखल करण्याआधी आपल्यापैकी एकानं तिच्यात बसून समोरच्या पक्षाची बाजू जीव तोडून लढायची, आणि दुसऱ्याला घाम फुटल्याशिवाय कागद कोर्टात न्यायचा नाही, हा आपला नियम. तू तिच्यात बसलास की इतका खरा वाटायचास की मला तुझा राग यायचा. शाळा सुटली की माझी लेक दप्तर टाकून स्टुलावर चढायची, फूटपट्टी आपटायची आणि निकाल द्यायची, दोघंही हरलात, आता मला बिस्कीट द्या. तू तिला जजसाहेब म्हणायचास आणि वाकून पुडा पुढे करायचास. बाई मोठी झाली, नोकरीला लागली, तरी घरात भांडण झालं की निकाल हाच.

ती गेली तेव्हा तुझा मेसेज आला होता. फार नीटनेटका होता. इतका, की तो तू लिहिलास की तुझ्या ऑफिसातल्या त्या मजकूर लिहून देणाऱ्या यंत्रानं, असं मनात आलं. खोटं कशाला बोलू? जिन्यावर पाय घसरला, गुडघ्याचं साधं ऑपरेशन, संध्याकाळी घरी सोडणार होते. भूल उतरताना श्वास अडकला, आणि भूल देणारे डॉक्टर तेव्हा शेजारच्या खोलीत दुसऱ्या पेशंटपाशी होते. एका नर्सनं मला हे रडत सांगितलं. आता ती ओळखही दाखवत नाही. तिचं पोट आहे, मी तिला बोल लावत नाही. पण माझी धडधाकट पोर का मेली, हे एकदा भर कोर्टात कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, एवढंच मला हवं आहे.

मी आयुष्यभर जास्त करून जमिनीची न् घरांची भांडणं लढले, आणि आपल्या दुखण्याचे आपणच डॉक्टर होऊ नये, म्हणून वकील शोधायला निघाले. तुझ्याकडे आले नाही, भीड वाटली. इतर मोठ्या ऑफिसांत गेले. पूर्वी निदान पाणी विचारायचे, गाऱ्हाणं ऐकायचे आणि मग नाही म्हणायचे. आता एक मुलगी पडद्याकडे बघत माझ्या लेकीचं मरण टाइप करते आणि खटला जिंकण्याच्या शक्यतेचा आकडा येतो. शंभरात नऊ. सगळीकडे नऊच, कारण यंत्र सगळीकडे तेच. जुन्या खटल्यांवर शिकलेलं. त्याला आपल्या खोलीतल्या फायलीही दिल्यास, हे तूच मला फोनवर कौतुकानं सांगितलं होतंस. त्यातली हॉस्पिटलची प्रकरणं आठव. माणसं खरी होती, पुरावा होता, पण त्यांना लवकर सुटायचं होतं, म्हणून आपण तडजोडी करून दिल्या. त्याची मला आजही लाज नाही. यंत्र त्यातून एवढंच शिकलं की असली माणसं जिंकत नाहीत. म्हणून आता त्यांना वकील मिळत नाही, वकील नाही म्हणून ती जिंकत नाहीत, आणि आकडा आणखी खाली जातो. घाण्याचा बैल बरा रे, निदान तेल तरी निघतं!

शेवटी दावा मीच लिहिला, मीच दाखल केला. लिहून झाल्यावर समोर दुसरी खुर्ची ओढून बसले, पण उलट बोलायला कुणी नव्हतं. गेल्या आठवड्यात हॉस्पिटलचं उत्तर आलं. लोण्यासारखी भाषा, कुठे म्हणून खोडाखोड नाही. त्यात म्हटलंय की ऑपरेशनआधी आईनं पेशंटला चोरून बिस्किटं खायला घातली, त्यानं उलटी झाली, ती श्वासनलिकेत गेली. म्हणजे पोरीला मी मारलं. पुरावा काय, तर नर्सच्या नोंदीत एक ओळ, उशाशी बिस्किटांचा फोडलेला पुडा. पुडा माझा होता. माझी साखर खाली जाते, तू जाणतोस. त्यातलं एक मी व्हरांड्यात जाऊन खाल्लं, उपाशी लेकरासमोर नको म्हणून. परत आले तर तिनं पुडा पाहिला, पलंगाच्या दांडीवर बोट आपटलं आणि निकाल दिला. दोघंही हरलात, मला बिस्कीट द्या. मी म्हटलं, गप गं, ऑपरेशन झाल्यावर. एवढंच आमचं शेवटचं बोलणं. तिनं मागितलं आणि मी दिलं नाही. तेव्हापासून तो पुडा मला घरात ठेवता येत नाही की टाकता येत नाही.

त्या उत्तराखाली वकील म्हणून सही तुझी आहे. तो डावीकडे झुकलेला फराटा मी झोपेतही ओळखीन. ते तू वाचलं होतंस का रे? वाचून सही केली असशील, तर आपल्या मैत्रीला आग लाव. न वाचता केली असशील, तर ते मला जास्त भयंकर वाटतं. विरुद्ध बाजूच्या वकिलाला असं पत्र लिहू नये, कळतं मला. हवं तर न्यायाधीशांना दाखव. तडजोड मागत नाहीये, दया तर मुळीच नको. मी साक्षीला उभी राहीन तेव्हा ज्युनिअरला पाठवू नकोस, एवढंच सांगायला लिहिते आहे. उलटतपासणी तूच घे, अगदी उलट्या खुर्चीत बसल्यासारखी, हातचं न राखता. यंत्र काढून देईलच तो प्रश्न माझ्या डोळ्यांत बघून तूच विचार, मुलीनं मागितल्यावर तुम्ही तिला बिस्कीट दिलं की नाही. मी नाही म्हणेन. त्यानंतर तुझ्या तोंडून पुढचा प्रश्न निघाला, तर जिंकलास तू.

तुझीच,
जजसाहेबांची आई