मुखोचा खुंटा आणि पिवळी किटली

मुखो बंदर,
माकूळ वाळत घालायचे दिवस

प्रिय सुनबोक ताईस,

धाकट्या इनदोकचा गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढा वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? यंदा किमचीसाठी शंभर गड्डे कोबी एकटीनं खारवायला बसू नकोस. सूनबाईंचा खोकला गेला का? नसेल तर नाशपाती मधात शिजवून दे. तुझ्या मुलाचं, मुनथेचं पित्त खाली आलं का, की अजून ऑफिसातून आल्यावर मुंग्यांची वारुळं शोधत फिरल्यासारखा जमिनीकडे बघत चालतो? तुमचा म्हातारा कुत्रा अजून पोस्टमनवर भुंकतो, की नुसता उसासा टाकतो? आणि दाजी. त्यांचं मुद्दाम शेवटी विचारतो आहे. तू लिहिलंस की त्यांनी चपला किमचीच्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि दुपारभर अंगणात शोधल्या. त्याचं काही वाटून घेऊ नकोस, चपला टिकतील. पण एका सकाळी त्यांनी तुलाच विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?" हे वाचलं आणि मी पत्र घडी घालून ठेवलं, मग पुन्हा उघडलं. अक्षरं तीच होती.

माझं बरं आहे. दोरीवर माकूळ मासे टांगतो, कावळे हाकलतो, आणि दोरी वाऱ्यावर हलली की धुतलेल्या जर्स्या वाळत घातल्यासारख्या दिसतात म्हणून तिथंच बसून राहतो. (कावळ्यांना माझी ही सवय कळली आहे. ते त्याच वेळी येतात.) आता मुद्द्यावर येतो. आपल्या शाळेच्या मैदानाला भिंत घातली आहे आणि तिच्यावर गावाच्या जुन्या खेळाडूंच्या नावांची पाटी बसणार आहे, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी. सिमेंट कंपनीच्या संघाकडून चौदा वर्षांत दोनशे अकरा सामने बचावफळीत उभा राहिलेला माणूस म्हणून माझं नाव सगळ्यात वर यायला हवं. ते येणार नाही, कारण माजी विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष आहे आमचा गोलकीपर, क्वाक दल्सू. तो म्हणतो, "पाटी आपल्या खेळाडूंची आहे. समोरच्या संघाला बॉल देणारा आपला की त्यांचा, हे आधी ठरू दे." ताई, या दल्सूशेजारी मी अडतीस वर्षं बंदरावर एकाच बाकावर बसतो आहे, आणि अडतीस वर्षं तो दिवसातून एकदा तरी विचारतो, "खुंट्या, बॉल कुणाला दिलास?" तुझ्या लग्नात शेवयांचे तीन वाडगे संपवून चौथा येईपर्यंतच्या वेळातही त्यानं विचारलं होतं.

खुंटा हे नाव मला उगाच पडलं नव्हतं. जितकं हलवाल तितका घट्ट. मला चेंडू फार लांब मारता येत नसे, धावण्यात तर बंदरावरच्या कोळणीही मला मागे टाकत, पण मी जिथं उभा राहायचो तिथून कुणी जात नसे. एकच खोड होती. समोरचा वयानं मोठा निघाला की माझा पाय उचलत नसे. अडवण्याआधी मी मान लववायचो आणि म्हणायचो, "दादा, माफ करा, आता पाडतो." तेवढ्यात दादा गोलपाशी पोचलेले असत. देशाच्या संघाच्या शिबिरात मी अकरा दिवस होतो. बाराव्या दिवशी कॉर्नर किकच्या वेळी पाहुण्या संघातले एक वडीलधारे खेळाडू शेजारी येऊन उभे राहिले, मी कमरेतून वाकून नमस्कार केला, आणि चेंडू माझ्या पाठीवरून गेला. प्रशिक्षक रागावले नाहीत. त्यांनी फक्त परतीच्या बसची वेळ सांगितली. (आईनं मात्र सगळ्या आळीत सांगितलं की राजधानीतसुद्धा माझ्या इनदोकनं वळण सोडलं नाही.)

पण तो एक सामना वेगळा. तो मी तुला कधी नीट सांगितला नाही, आणि तुझा त्याच्याशी इतका संबंध आहे की आता सांगताना हात जड होतो. पूर्व-पश्चिम किनारा चषकाचा शेवटचा सामना, आपल्याच शाळेचं मैदान, समोर तुमच्या मोकपोच्या गोदी कामगारांचा संघ. त्यांच्याकडून पुढे खेळत होते मांग चोलग्यू, म्हणजे आजचे दाजी, तेव्हाचे नुसते चोलग्यूदादा. शाळेत माझ्यापुढे एक वर्ष, मग मोकपोच्या गोदीत कामाला गेलेले. बाहेरच्याला वाटेल, एक वर्ष म्हणजे काय मोठं. शाळेच्या संघात एक वर्ष म्हणजे समुद्र. त्यांचे बूट मी घासायचो, त्यांची पिशवी मी उचलायचो, आणि पाण्याची ती पिवळी किटली माझ्याकडे असायची. दादा बोलत नसत. नुसता उजवा हात वर करायचे, की मी जिथं असेन तिथून किटली घेऊन पळत सुटायचो. दोन वर्षं. पावसात, उन्हात, एकदा तर भूगोलाच्या तासातून खिडकीवाटे.

तू बांधावर उकडलेली कणसं घेऊन बसली होतीस, आठवतं? उत्तरार्धात समुद्रावरून धुकं वर आलं. आधी पाय गेले, मग गुडघे, मग आम्ही सगळे छातीपर्यंत ढगात उभे असल्यासारखे झालो. आवाज कापसातून यायचे. चेंडू माझ्या पायाशी होता हे मला नुसतं कळत होतं, दिसत नव्हतं. वेळ संपत आली होती, बरोबरी होती, चेंडू बाहेर भिरकावला की झालं. आणि तेवढ्यात धुक्याच्या वर, दीपगृहासारखा, एक उजवा हात वर गेला.

मी किटली नेऊन दिली, ताई. म्हणजे चेंडू. अगदी हळू, सांडणार नाही असा, त्यांच्या उजव्या पायाशी. पुढचं तुला माहीत आहे. गोल झाल्यावर ते माझ्याजवळून पळत गेले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "झाकण लावून आणायचंस रे." बस, तेवढंच. त्यांनी हात पाण्यासाठी वर केला होता, की आपल्या माणसाला खूण, की नुसता घाम पुसायला, हे मी कधी विचारलं नाही. ते कधी बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "माझ्या खुंट्याला ओलांडून गेला तो गडी. पोरगी याच्या घरात सुखात राहील." बाकी तूच जाणतेस. आता ते ओलांडून गेले नव्हते हे मी बाबांना कसं सांगणार होतो? तुझा संसार त्या गोलावर उभा राहिला. म्हणून मी सगळ्यांना सांगत आलो की पाय घसरला. दल्सू म्हणतो, मैदान कोरडं होतं. होतं. लोक म्हणतात, बहिणीचं लग्न जमावं म्हणून दिला. ते ऐकून मी गप्प बसतो, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा ते बरं दिसतं.

अजून मला तो चेंडू स्वप्नात येतो. धुक्यातून खाली येत असतो आणि खाली पोचतच नाही. मी वाट बघत उभा असतो, आणि गंमत म्हणजे मला बरं वाटत असतं.

तर विनंती अशी. हा हात पाहिलेले दोघेच, एक मी आणि एक दाजी. माझ्या एकट्याच्या शब्दाला दल्सू हसेल. एखाद्या चांगल्या सकाळी, त्यांना तुझं नाव आठवत असेल अशा सकाळी, हळूच विचार: मुखोला धुकं होतं, तुम्ही हात वर केला होता ना? ते काय म्हणाले ते दोन ओळींत लिहून पाठव, म्हणजे मी दल्सूला दाखवीन. आणि ताई, माझ्यावर रागावू नकोस. माणूस चांगला निघाला, हे तरी त्या किटलीचं पुण्य.

तुझा,
इनदोक

ता. क. विचारू नकोस. रात्रभर विचार केला. त्यांना आठवलं नाही, तर हे माहीत असलेला मी एकटाच उरेन. त्यापेक्षा पाटीवर नाव नसलेलं परवडेल.

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरं झालं. आज दल्सू आला होता. वाळत घातलेली पर्सिमनची फळं मोजल्यासारखं करत बसला. मला राहवलं नाही, मी सगळं सांगून टाकलं, हात, किटली, सगळं. हसेल म्हणून मी दुसरीकडे बघत होतो. तो म्हणाला, "हात मीही पाहिला होता."
मी म्हटलं, "मग?"
"मग काय. शाळेत टॉवेल माझ्याकडे असायचा ना."
तेव्हा मला आठवलं, ताई, की दाजींनी चेंडू मारला तेव्हा गोलमध्ये कुणी नव्हतंच. आमचा गोलकीपर सहा पावलं पुढे आला होता आणि खांद्यावर टॉवेल चाचपत होता. मी म्हटलं, "अडतीस वर्षं मला छळलंस." तर म्हणतो, "कुणी मला विचारायच्या आत मी तुला विचारत होतो." पाटीवर आता दोघांचीही नावं येणार आहेत, माझं वर.

ता. क. म्हणजे माझी आधीची विनंती रद्द. खरी आता करतो. त्या रविवारी दाजींना मुखोला घेऊन ये. बस लांबची आहे, त्यांना खिडकी दे. इथं कुणाला ओळखलं नाही तरी चालेल, मला नाही ओळखलं तरी चालेल. मैदानात खुर्ची मांडू, समुद्राकडे तोंड करून. माणूस नावं विसरतो, तहान विसरत नाही. केव्हा तरी ते हात वर करतीलच, आणि दोन म्हातारे दोन बाजूंनी पळत येतील. दल्सूनं टॉवेल धुतला आहे. शाळेच्या कोठीत किटली सापडली आहे, पोचे आलेली, झाकण हरवलेलं. घासायला आणि झाकण शोधायला मला आठवडा लागेल. म्हणून येता की नाही ते उलट टपालानं लिही.