मांसाच्या बरण्या आणि माझी जागा

पेल्ह्रिमोव्ह,
१० जून १९९७

प्रिय ब्लाझेना,

येशूची स्तुती असो. (तू आता सिस्टर बोनिफात्सिया आहेस हे मला ठाऊक आहे, पण जिच्या बाकावर बसून मी सात वर्षे तिच्या वाटणीची छडीसुद्धा खाल्ली, तिला एवढ्या लांब नावाने हाक मारणे मला जमणार नाही. मदरना वाईट वाटत असेल तर त्यांना हे पत्र दाखवू नकोस. नाहीतरी दाखवू नकोसच.) तुझा गुडघा कसा आहे? मठाच्या मधमाश्या यंदा कुणाला चावल्या? माझी तब्येत उत्तम आहे. रक्तदाब तेवढा दोब्रोस्लाव घरी आला की चढतो आणि तो गेला की उतरतो. डॉक्टर गोळ्या देतात. खरे तर त्यांनी दोब्रोस्लावला द्यायला हव्यात.

दोब्रोस्लाव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, हेडविकाचा नवरा. सहकारी शेतीच्या वजनकाट्यावर तीस वर्षे नोकरी केलेला, त्यामुळे जगात ज्याचे वजन झालेले नाही ते अस्तित्वातच नाही अशी त्याची समजूत आहे. या जुलैत तो, हेडविका, मुलगा रादोवान आणि सून असे चौघे रादोवानच्या 'फेवरिट' नावाच्या छोट्या गाडीतून समुद्रावर निघाले आहेत. ऑस्ट्रिया ओलांडायचा, आल्प्स ओलांडायचे, की इटलीत एड्रियाटिकचा किनारा. मागच्या सीटवर तिघे बसतात. म्हणजे एक जागा रिकामी, आणि ती माझी, हे इतके उघड होते की फेब्रुवारीपासून दर रविवारी माझ्याच स्वयंपाकघरात, माझीच कॉफी पीत बेत ठरत होता आणि कुणी वेगळे काही बोलले नव्हते.

तुला सांगायला नको, मी छत्तीस वर्षे भूगोल शिकवला. या गावातल्या अर्ध्या डोक्यांत एड्रियाटिक मी घातला आहे, हातात काठी घेऊन, भिंतीवरच्या नकाशावर. भरती-ओहोटी का होते ते मी झोपेतही सांगेन. पण मी समुद्र पाहिलेला नाही. देशाबाहेर जाण्याच्या परवानगीसाठी दोनदा अर्ज केला होता, चौसष्ट साली आणि पंच्याहत्तर साली. दोन्ही वेळा परत आला. दुसऱ्या वेळी कोपऱ्यात पेन्सिलीने शेरा होता: अर्जदार नन्सच्या शाळेत शिकलेली. तो कागद मी जपून ठेवला आहे. सरकारकडून मला मिळालेले तेवढे एकच प्रशस्तिपत्र आहे.

आता सीमा उघडी आहे. शिपाई पासपोर्टकडे बघून जांभई देतो म्हणतात. अडवणारा कुणी उरला नाही असे मला वाटत होते, पण मी दोब्रोस्लावला विसरले.

आपल्या लोकांची रीत तुला माहीत आहेच. समुद्रावर जायचे तर खाणे घरून न्यायचे. पूर्वी परकीय चलन मिळत नव्हते म्हणून नेत होतो. आता ते कोपऱ्यावरच्या बँकेत मिळते, तरीही नेतो. हेडविकाने एप्रिलपासून मांस शिजवून बरण्यांत बंद करायला घेतले. बावन्न बरण्या. शिवाय बटाट्याचे पोते, कणकेच्या गोळ्यांचे पीठ, बियरचे दोन क्रेट. मग दोब्रोस्लावने सगळे गाडीत भरले आणि गाडी जुन्या ओळखीने काट्यावर नेली. आम्हालाही एकेक करून काट्यावर उभे केले. मला पर्ससकट. (पर्समध्ये जपमाळ आणि अ‍ॅटलास होता, म्हणजे तो आकडा माझा नव्हे.) परत येऊन त्याने चष्मा लावला, कागद पाहिला आणि म्हणाला, "ताई, तुमच्यासकट गाडी पासष्ट किलो जास्त भरते. आल्प्स चढणार नाही."

"मग बरण्या काढ," मी म्हटले.

"काढतो की. आणि खायचं काय, ताई? इटलीत?"

जणू इटलीतली माणसे वाळू खाऊन जगतात. मी हेडविकाकडे पाहिले. ती विणकामाचे टाके मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, तुला पोस्टकार्ड आणीन ना. मोठं आणीन."

ब्लाझेना, सरकारने मला नाकारले ते माझ्या शिक्षणापायी. त्याचा मला अभिमान आहे. पण डुकराच्या मांसाशी तोलून मला कुणी अजूनपर्यंत नाकारले नव्हते.

मी कप खाली ठेवला आणि सांगितले की मी समुद्रावर जाणार, माझ्या गाडीने, तुमच्या आधी. माझा नवरा व्लास्तिमील गेल्यापासून त्याची स्कोडा शेडमध्ये कापडाखाली उभी आहे. रादोवान हसला. दोब्रोस्लाव म्हणाला, "ताई, तुम्ही? एकट्या? आल्प्समधून?" मी म्हटले, "आल्प्स मी तुझ्या बायकोला शिकवले, तुझ्या मुलाला शिकवले. तुझ्यापेक्षा त्यांची माझी ओळख जुनी." मग उठता उठता हेही सांगितले की पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेले मांसाचे काप मी ज्या गाडीत असेन त्या गाडीतून जातील. तेव्हा मात्र हेडविकाची टाक्यांची मोजणी चुकली. या घराण्यात प्रवासाचे काप आजवर मीच तळत आले आहे. हेडविकाचे काप ऑस्ट्रियातल्या लिन्त्सपर्यंतसुद्धा कुरकुरीत राहत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी नवी बॅटरी बसवून घेतली आणि स्कोडा बाहेर काढली. पहिल्याच झटक्यात सुरू झाली. मागे गेली. मला पुढे जायचे होते, पण चार वर्षांनी जागी झालेल्या गाडीशी पहिल्याच दिवशी दिशेवरून वाद घालू नये. कोंबड्यांचे खुराडे आधीच कुजलेले होते. कुंपणापलीकडून शेजारी शेबेस्ता टोपी काढून म्हणाला, "बाई, समुद्र दक्षिणेला आहे." मी काच वर केली.

मार्ग मी स्वतः आखला आहे. दोब्रोस्लावचा नकाशा जुना आहे, त्यात आपली सीमा संपली की पुढे नुसता पांढरा कागद. आणि तो मला रस्ता समजावून सांगत होता. महामार्गाच्या टोलसाठी ऑस्ट्रियाने यंदापासून काचेवर लावायची चिठ्ठी विकायला काढली आहे, ती मी आणून ठेवली. दोब्रोस्लाव मात्र तिचे पैसे वाचवायला खेड्याखेड्यांतून जाणार आहे, बावन्न बरण्या वाजवत. मला त्यांच्याबद्दल आकस नाही. किनाऱ्यावर भेट झाली तर मी त्यांना ओहोटीची वेळ सांगेन.

मदरना माझा नमस्कार सांग, आणि गुडघ्याला कोबीची पाने बांध.

तुझीच,
ओतिली

ता. क. माझ्याकडे लायसन्स नाही. एका घरात एक चालक पुरे, असे व्लास्तिमील म्हणायचा. तू मठाची व्हॅन वीस वर्षे चालवते आहेस, आणि वेगाबद्दल तुला झालेल्या दंडाची हकीकत तू स्वतःच नाताळच्या पत्रात लिहिली होतीस, तीही फारसा पश्चात्ताप न दाखवता.

ता. क. २. मदरना मी वेगळे पत्र टाकले आहे. त्यात पादुआला संत अंतोनींच्या दर्शनाला जायचे आहे आणि सोबत सिस्टर बोनिफात्सिया हव्यात, एवढेच लिहिले. हे अक्षरशः खरे आहे. हरवलेल्या वस्तू तेच शोधून देतात, आणि माझ्या दोन परवानग्या हरवल्या आहेत. पादुआपासून समुद्र जेमतेम चाळीस किलोमीटर आहे, पण मदरनी मला भूगोल विचारलेला नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात दोब्रोस्लाव आला. टोपी हातात धरून दारातच उभा राहिला. म्हणाला, "ताई, तीस बरण्या काढल्या. जागा झाली. चला आता." मला जायचे होते, ब्लाझेना. पण माझ्या तोंडून निघून गेले की सिस्टर बोनिफात्सियाला शब्द दिला आहे, आता तिचे मन मोडवत नाही. तेव्हा नीट लक्षात ठेव: गेले तीन महिने तू माझ्या मागे लागली आहेस, आणि शेवटी कंटाळून मी हो म्हटले आहे.