यानच्या नावाचं पान

४ सप्टेंबर २००९, शुक्रवार

आमच्या नावाचा माणूस आला! हमरापुरात! आमच्या कारखान्याच्या दारात!

काल अनंत चतुर्दशी झाली, आज कारखाना धुवायला काढला होता. गणपतीचे साचे उन्हात टाकलेले, मी गुडघ्यापर्यंत साडी खोचून पाणी मारतेय, आणि समोर एक गोरा, टक्कल पडलेला, साठीच्या आतबाहेरचा. पाटीकडे बघतोय. पाटीवरचं इंग्रजी नाव वाचून छातीवर हात ठेवून म्हणतो, क्रुशेव्स्की. मी म्हटलं, हो, ती पाटी आहे. तर पुन्हा छातीवर हात. मी, मी क्रुशेव्स्की!

माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, पण गिऱ्हाइकांशी बोलून बोलून चालतं झालंय. त्याचं नाव मारेक. इंग्लंडमध्ये राहतो. शेजारच्या गुजराती घरात गेल्या वर्षी गणपती आला. विसर्जनाच्या वेळी मूर्ती उचलायला हा मदतीला गेला, तर बुडाला कागद चिकटवलेला, मराठीखाली इंग्रजीतही – ‘क्रुशेव्स्की कला केंद्र, हमरापूर, पेण’. म्हणतो, नाव वाचलं आणि हातातली मूर्ती पडायचीच. बाबांनीच घालून दिलेली पद्धत, प्रत्येक मूर्तीच्या बुडाला नाव पाहिजे. मूर्ती बुडते, नाव कशाला, असं मी कितीदा म्हटलं असेल. तर हे नाव पार इंग्लंडला जाऊन माणूस घेऊन आलं!

पोलंडातून पोरकं होऊन इकडे आलेल्या माझ्या बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचं एकच पालुपद होतं – जगात या नावाचं आता कोणी नाही, मालू. लढाईनं सगळे खाल्ले. फक्त आपण.

आई पडवीत बसली होती. मारेककडे बघितलं आणि आत निघून गेली. चहासुद्धा विचारला नाही. कोणालाही उपाशी न धाडणारी माझी आई!

५ सप्टेंबर, शनिवार

मारेक पेणला लॉजवर उतरलाय. सकाळी हजर. पोतडीतून कॉम्प्युटर काढला, नकाशा दाखवला. पेन्शनीत गेल्यापासून त्याचा हाच उद्योग – आपलं नाव कुठून निघालं, कुठे कुठे गेलं. क्रुशेवो नावाचं गाव, तिथले ते क्रुशेव्स्की. म्हणजे आपले पेणकर, रोहेकर, तसंच की! आणि त्या नावाची गावंही एक नाही, बरीच. तेव्हा सगळे एका रक्ताचे नव्हेत म्हणे, पण नाव एक.

आणि मग ठिपके. लाल लाल. पोलंडात तर गोवर आल्यासारखा. जर्मनीत. इंग्लंडात, कॅनडात, ब्राझीलमध्ये. अमेरिकेतल्या शिकागोत तर ठिपक्यावर ठिपका, जागा नाही. हजारो माणसं! आणि इकडे, धरमतरच्या खाडीजवळ, त्याने कालच टाकलेला एकुलता एक ठिपका. मी.

मी हसले आधी. मग हसू आवरेना. मग ते हसू राहिलं नाही.

फक्त आपण! या दोन शब्दांपायी मी पुंडलिकला सोडलं. जवळच्या गडब गावचा पुंडलिक. मला मागणी घालायला आला तेव्हा बाबांनी अट घातली – घरजावई व्हायचं आणि आमचं नाव लावायचं. मालू एकटीच, ती गेली की नाव गेलं. पुंडलिक म्हणाला, बापाचं नाव टाकून दुसऱ्याचं लावलं तर गडबात तोंड कुठे दाखवू? मोडलं. मी बाविशीची होते. नंतर कोणी विचारलं नाही असं नाही, पण अट ऐकून सगळे चपला घालत. मग मीच ठरवलं, नको. माझ्याबरोबर संपेल, पण मी जिवंत आहे तोवर तरी दारावर राहील. बाबांच्या हातातली कुंचली मी घेतली, डोळ्यांची आखणी मी करू लागले. लोक म्हणायचे, मालूच्या गणपतीचे डोळे रागीट असतात. असणारच!

६ सप्टेंबर, रविवार

बाबा, शिकागोत ठिपक्याला जागा नाही हो!

७ सप्टेंबर, सोमवार

आज दोन गोष्टी कळल्या. एक एक लिहिते.

पहिली. मारेकचा बाप स्टेफान. तो म्हणजे माझ्या बाबांचा थोरला भाऊ. महायुद्धात दोघांची ताटातूट झाली. स्टेफान इंग्लंडला पोचला, धाकटा यान – म्हणजे बाबा – इराणमार्गे अनाथ पोरांच्या तांड्याबरोबर कोल्हापुरातल्या वळिवड्याच्या छावणीत, पोलंडच्या निर्वासितांसाठी होती ती. तिथून पेणला, इथे माती कालवायच्या कामाला, मग आईशी लग्न, हे मला ठाऊकच. ठाऊक नव्हतं ते हे – स्टेफान १९७५ साली यानला शोधत इथे आला होता! इथे! मारेक म्हणाला, त्याचे वडील परत आले ते गप्पच झाले. एवढंच म्हणाले, पेणचं घर चांगलं आहे, आता शोधायचं नाही.

७५! आणि पुंडलिक आला ७६ ला. म्हणजे सख्खा भाऊ, त्याची पोरं, सगळं डोळ्यांनी बघून, कानांनी ऐकून वर्ष झालं होतं, आणि माझ्यासमोर बाबा म्हणत होते, जगात कोणी नाही. डोळ्यांत पाणी आणून म्हणत होते. मी त्या पाण्याला भुलले.

मला ७५ साली मे महिन्यात नागोठण्याला मावशीकडे धाडलं होतं. आता कळलं का ते.

दुसरी. परवापासून पितृपक्ष लागला, म्हणून मारेकला सांगत होते की सर्वपित्रीला आम्ही यान आजोबांच्या नावानं पान वाढतो. बाबा शेजारी मेणबत्ती लावायचे, आई वरणभात-खीर वाढायची. बाबाही यान, आजोबाही यान; त्यांच्याकडे बापाचं नाव मुलाला ठेवत असतील, असं मी धरून चालले होते. त्याने मान हलवली. आजोबा टोमाश. त्या घरात यान एकच – धाकटा भाऊ.

मग कळत्या वयापासून मी ज्याला पान वाढतेय तो यान कोण? बाबा जिवंतपणी स्वतःच्याच नावानं पान वाढत होते?

आईला विचारलं. म्हणाली, “मला झोप आली.” सकाळचे अकरा वाजले होते!

८ सप्टेंबर, मंगळवार

रोह्याला जाऊन आले. कोणाला न सांगता.

पुंडलिक धाटावच्या कंपनीत लागला तेव्हापासून रोह्यातच आहे. शिफ्टा करून करून कान गेलेत त्याचे, मोठ्याने बोलावं लागतं. आता घ्या! तेहतीस वर्षं पोटात ठेवलेलं बोलायला गेले आणि ओरडून बोलायचं! त्याची बायको सरू भली आहे. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी पुढे ठेवली आणि म्हणाली, तुम्ही बोला, मी नदीवर जाऊन येते. मला लाज वाटली.

मी म्हटलं, बाबांनी फसवलं आपल्याला. नावाचे ढीगभर लोक आहेत. तुला उगाच अट घातली.

तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाला, “मी आलो होतो ना परत. नाव लावायला तयार होऊन.”

मी म्हटलं, कधी?

शिमग्यानंतर. बापाशी भांडून, गडबहून चालत. म्हणे दारात माझी आई होती. तिने उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. सांगितलं, मालू नाय म्हणते. ती तुला नको म्हणते, पुन्हा येव नको.

मी नाय म्हणते! मी कारखान्यात मागच्या बाजूला शाडू मळत होते, वीस हातांवर. त्या दिवसांत कुणाचंही पाऊल वाजलं तरी मान वर करून बघायचे मी!

तो म्हणाला, आता काय त्याचं, मालू. खरंच काय त्याचं. सरू घागर घेऊन आली तशी मी उठले. एसटीत रडले. शेजारच्या बाईने पाणी दिलं, घेतलं नाही.

९ सप्टेंबर

आईशी बोलत नाही. जेवण वाढते, ताट आपटून.

१० सप्टेंबर

मेलेल्या बापावर चिडता येतं. जिवंत आईवर चिडून तिचेच पाय चेपावे लागतात. चेपले. जोरात.

११ सप्टेंबर, शुक्रवार

आई बोलली. पाय चेपताना मीच म्हटलं, पुंडलिक भेटला. तिचा पाय हातात दगड झाला. मग उठून बसली, पदर नीट केला. एकदाही थांबली नाही. जणू कधीची तयारी करून बसली होती.

बाबा क्रुशेव्स्की नव्हतेच.

इराणात दोन अनाथ पोरं होती, जिवाभावाची. यान क्रुशेव्स्की आणि बाबा. हिंदुस्थानला जाणाऱ्या पोरांच्या गळ्यात नावाचे बिल्ले होते. यानच्या गळ्यात होता, बाबांच्या नव्हता, त्यांना मागेच ठेवणार होते. यानला ताप भरला. तो निघायच्या आधीच गेला. जाण्याआधी त्याने स्वतःचा बिल्ला बाबांच्या गळ्यात घातला आणि म्हणाला, माझ्यामागे कोणी उरलं नाही, माझं नाव मरू देऊ नकोस. तेराचौदा वर्षांची पोरं!

स्टेफान आला तो भावाला शोधत, आणि भेटले बाबा. बाबांनी त्याच्या पायांवर डोकं ठेवून सगळं सांगितलं. दोघं कारखान्यात, न रंगवलेल्या मूर्तींमध्ये बसून रडले म्हणे. स्टेफान जाताना म्हणाला, माझी पोरं माझं नाव चालवतील, माझ्या भावाचं तू चालव. तेव्हापासून बाबांच्या डोक्यात तेच. नाव, नाव, नाव!

म्हणजे मरणाऱ्या पोराला शब्द बाबांनी दिला, फेडला मी.

मी म्हटलं, बाबांचं कळलं. तुझं सांग. पुंडलिकला का हाकललंस?

ती म्हणाली, “त्यो आपल्या बापाचं नाव टाकून आलता गो. टाकून काय घेनार, तर जे आमचं बी नाय ते? मी कशी घेव देऊ? आनि खरं सांगू तर तुझ्या बाबांचं बिंग फुटतंय. मंग मी तुलाच नाय करून टाकली.”

तुलाच नाय करून टाकली. इतक्या सरळ!

म्हटलं, मला सांगायचंस. मी पळून गेले असते त्याच्याबरोबर, नावबिव न लावता. ती म्हणाली, म्हनून तर नाय सांगितलं. तू गेली असती तर ते मेले असते.

नवऱ्याला वाचवायला पोर बुडवली. हे मी लिहिलंय, खोडणार नाही. तिने माफी मागितली नाही. मागितली असती तर मी काय केलं असतं, देवाला ठाऊक.

१२ सप्टेंबर

पाटी उतरवायला शिडी लावली. वर चढले. खाली उतरले. आमची नाही तर मग तिथे काय लिहू?

१४ सप्टेंबर, सोमवार

मारेक आज गेला. गाडीत बसायच्या आधी सांगितलं त्याला – तू माझा चुलतभाऊ नाहीस. तुझा काका इराणात पुरलाय, माझ्या बापानं त्याचं नाव घालून जन्म काढला. मला वाटलं, चिडेल. निदान कोणीतरी चिडावं माझ्या जोडीला!

तो पायरीवर बसला.  मग म्हणाला, बाप मरताना म्हणाला होता, यान पेणला आहे, सुखात आहे, त्याला त्रास देऊ नका. म्हणजे सगळं ठाऊक असूनच म्हणाला होता तर.

त्याच्या नकाशावर पेणचा ठिपका होता. तो पुसणार नाही म्हणाला. पुसला असता तर बरं झालं असतं. एवढ्या हजारांत माझा एकच ठिपका खोटा, आणि त्याच्यावरच आयुष्य गेलं. त्याला छोटी मूर्ती दिली. बुडाला नाव चिकटवायला हात गेला तो थांबला. मग चिकटवलं. सवय, दुसरं काय!

१६ सप्टेंबर

मघाशी एक गोष्ट ध्यानात आली. आईने बाबांचं नाव कधीच घेतलेलं मी ऐकलं नाही. सगळ्या बायका लग्नामुंजीत उखाण्यात तरी घेतात. हिला बायका धरून बसायच्या, बायजा, नाव घे, नाव घे! ही हसून पळायची. आम्ही म्हणायचो, काय बाई लाजते! लाजत नव्हती तर. खोटं घ्यायचं नव्हतं आणि खरं घेता येत नव्हतं.

तरी राग गेलेला नाही.

१८ सप्टेंबर, सर्वपित्री

दोन पानं मांडली. एक यानचं. दुसऱ्या, बाबांच्या पानासमोर हात थांबला, कोणाच्या नावानं वाढू? आईकडे बघितलंही नाही. ती भिंत धरून उठली, डोक्यावर पदर घेतला, नव्या नवरीसारखी खाली बघत म्हणाली –

“हमरापूरच्या गणपतीच्या डोळ्यांची आखणी,
युझेफरावांच्या नावाची जन्मभर केली राखणी.”

मग म्हणाली, “वाढ आता.”

वाढलं.