ओट्यावरची बुजवलेली जाळी

आई, परवा आपल्या घरात एक मुलगी आली आणि भिंती मोजून गेली. तिच्याकडे तिपाईवरचा कॅमेरा होता. तो स्वतःभोवती फिरतो आणि खोली जशीच्या तशी कॉम्प्युटरमध्ये उभी करतो म्हणे. बोईसरची आपली इमारत आता उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते, म्हणून सोसायटीने दुरुस्ती काढली आहे. गच्चीवर उष्णता अडवणारा थर द्यायचा, हवा खेळती करायची, वीज कमी जाळायची. पण आधी सगळं कॉम्प्युटरमध्ये करून बघायचं आणि मगच भिंतीला हात लावायचा. मला पहिल्यापासून वाटत होतं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय. आज मोजतील, उद्या घर खाली करा म्हणतील. संशय घ्यायला मी तुझ्याकडूनच शिकले. पापलेटाचे कल्ले उघडून बघितल्याशिवाय तू कधी पिशवी पुढे केली नाहीस.

मुलीने ओट्याच्या वर बोट दाखवलं. "काकू, नकाशात इथे जाळी आहे. तुमच्याकडे भिंत कशी?" मी लगेच सावध झाले. तिला काय सांगायचं? तू समुद्रकाठच्या नवापूरची, तुला वारा आधी कळायचा. संध्याकाळी तो फिरून कारखान्यांचा वास घेऊन यायचा, डोळे चुरचुरायला लागायचे आणि तू ओरडायचीस, "वारा फिरला हाय, खिडक्या लावा!" जाळीला झडप नव्हती, म्हणून तू बाबांकडून ती विटांनी बुजवून घेतलीस. "आता नाय येत वास," म्हणत किती खूश झाली होतीस! आणि लगेच चहासाठी स्टोव्ह पेटवलास.

मुलीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्यात आपलं स्वयंपाकघर होतं आणि ओट्यावरून धूर-वाफ दाखवणारा लाल रंग चढत होता. तो छताला लागला, खाली उतरला आणि ओट्यापाशी उभं राहणाऱ्याच्या तोंडासमोर साचून राहिला. मग तिने जाळी उघडी केली. लाल रंग विरळ होत गेला.

"आणि कारखान्यांचा वास आला तर?"

"बंद करता येईल अशी झडप लावू, काकू."

उत्तरात खोट सापडेना, त्याचाच मला राग आला. "हे खरं कशावरून?" मी विचारलं.

"अंदाजच आहे. म्हणून तर तुम्हाला विचारतेय. इथे पहिल्यापासून गॅसच होता ना?"

मी "हो" म्हटलं.

आई, त्या बंद खोलीत वर्षानुवर्षं रॉकेलचा स्टोव्ह जळला आणि तुझा खोकला शेवटपर्यंत हटला नाही. तू गेल्यापासून मी कारखान्यांना शिव्या घालत आले. आजही घालते, कारण तो वास काही खोटा नव्हता. पण परवापासून माझा संशय त्या विटांवरही जातो आणि मला रडू येतं. विटा फोडून जाळी मोकळी करायला मी होकार दिला आहे. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून तुला सांगते. स्टोव्हचं नाव काढलं असतं, तर तिने तोही त्या खोलीत पेटवून दाखवला असता. मला ते बघायचं नव्हतं.