सुशीलाबाईंचा राजीनामा

घोडेगाव, मंगळवार, १४ ऑक्टोबर

दुपारी सुशीलाबाईंची डिजिटल सही मी केली. त्यांच्या संचालकपदाच्या राजीनाम्यावर. हिरडा विकत घेणाऱ्या आमच्या शेतकरी कंपनीच्या पाचही संचालकांचे सहीचे डोंगल, पेनड्राइव्हसारखे, माझ्याच खणात असतात. संगणक कुणालाच जमत नाही, म्हणून मॅनेजरनं सांभाळायचे, हे पहिल्यापासून असंच. बाईंच्या डोंगलवर त्यांच्या नावाची चिकटपट्टी आहे. पासवर्डही त्यांनीच विश्वासानं दिलेला.

आजवर दर वेळी त्यांना विचारून सही लावली. आज अध्यक्ष म्हणाले, "बाई हिरड्याच्या वजनावरनं लई बोलत्यात राव. राजीनामा टाकून द्या. फोनवर हो म्हणल्यात मला." मी स्वतः फोन का केला नाही? नंबर तर समोर होता.

सही वैध, असं स्क्रीनवर आलं. कागदावर केली असती तर अक्षर जुळलं नसतं, हात तरी अडखळला असता. इथं ती कायद्याच्या लेखी त्यांचीच, त्यांनी तसं नाही हे सिद्ध करेपर्यंत. दुसऱ्याच्या डोंगलनं सही करणं गुन्हा आहे, हे मला माहीत आहे. माहीत असूनही काही वाटत नाहीये. ती चिकटपट्टी तेवढी डोळ्यांपुढे येते.

पाच वाजता सुशीलाबाई स्वतःच दारात. "भाऊ, उद्याची मीटिंग हाय ना? का मला वगळून उरकताय?" आणि हसल्या. म्हणजे त्या अध्यक्षांना हो म्हणाल्याच नव्हत्या.

मी म्हणालो, "या."

उद्या पहिल्या एसटीनं येणार आहेत.